समजून घ्या : लॉकडाऊनमध्ये कस्टम्सचा कागद कसा सुटला, कुठे अडला?

मार्च २०२०. न्हावा शेवा बंदरात कंटेनर उतरत होते. पण ते सोडवायला कागद घेऊन धावपळ करणारा कस्टम्स ब्रोकरचा माणूस लॉकडाऊनमुळे घरात अडकला होता. ९ एप्रिलला केंद्राने व्हेंटिलेटर, मास्क, टेस्ट किटवरचं सीमाशुल्क माफ केलं. शुल्क माफ झालं, कागद मात्र माफ नव्हता.

मग बदललं काय?

बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयात मालाचं घोषणापत्र, आधीपासूनच ऑनलाइन भरलं जायचं. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट वगैरे २०१८ पासून 'ई-संचित'वर अपलोड होत होतं. गंमत म्हणजे सगळा प्रवास ऑनलाइन आणि शेवटची मंजुरी छापील! माल सोडण्याची परवानगी, म्हणजे 'आउट ऑफ चार्ज', मिळाली की तिची प्रिंट लागायची. १५ एप्रिलपासून ही प्रत आणि गेटपास पीडीएफ होऊन थेट ई-मेलवर येऊ लागले. जूनमध्ये निर्यातीच्या शिपिंग बिलाचंही तेच झालं, सोबत क्यूआर कोड.

बाँडचं काय?

काही प्रकरणांत स्टॅम्प पेपरवर, नोटरी करून बाँड द्यावा लागतो. नोटरीच बंद, तर बाँड कुठून आणणार? त्यामुळे काही काळ साध्या कागदावरचं हमीपत्र चाललं.

'फेसलेस' म्हणजे?

माल मुंबईत उतरला तरी त्याची कागदपत्रं दुसऱ्या शहरातला अधिकारी तपासू शकतो. ८ जून २०२० ला बंगळुरू आणि चेन्नईत सुरुवात झाली, ३१ ऑक्टोबरपर्यंत देशभर. टेबलासमोर ताटकळणं संपलं. पण अधिकाऱ्याने ऑनलाइन शंका काढली, तर समोर बसून दोन मिनिटांत समजावण्याची सोयही गेली. विलंबाच्या तक्रारी आल्याच.

सगळ्यात चिवट कागद कोणता?

सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन. मुक्त व्यापार करारातल्या देशाकडून माल आणला तर शुल्कात सवलत मिळते, पण माल तिथलाच असल्याचं मूळ प्रमाणपत्र दाखवावं लागायचं. ते देणारी परदेशातली कार्यालयंही बंद होती. आपल्या सर्व्हरवर कितीही सुधारणा केल्या, तरी दुसऱ्या देशाचा शिक्का कसा आणणार? एप्रिलमध्ये सीबीआयसीने मार्ग काढला: डिजिटल सहीची किंवा बिनसहीची प्रत घ्या, तात्पुरतं शुल्क ठरवा, माल सोडा. मूळ प्रमाणपत्र मात्र नंतर द्यायचंच होतं. तोवर कंटेनर सुटला तरी आयातदाराची फाइल उघडीच.