जुन्या व्हॅनचा क्लच थरथरतो? आधी कारण शोधा

सोयाबीन निघाले की माल मानोरा, कारंजा येथील बाजारात पोहोचविण्याची घाई असते. नेमक्या याच वेळी जुनी व्हॅन पहिल्या गिअरमध्ये थरथरते, धक्के देते. क्लच प्लेट बदलली की काही दिवस बरे वाटते आणि पुन्हा तोच त्रास सुरू होतो. सोयाबीनचे पान पिवळे पडले म्हणजे दर वेळी नत्रच कमी पडले असे नसते. तसेच दर वेळी दोष प्लेटचाच असतो असे नाही.

थरथर का होते?

क्लच प्लेट ही फ्लायव्हील व प्रेशर प्लेट यांच्यामध्ये दाबली जाते. पकड सर्व बाजूंनी सारखी बसली तर गाडी अलगद निघते. पकड क्षणाक्षणाला बसू-सुटू लागली की गाडी थरथरते. क्लच पूर्ण सोडल्यावर, वेगात थरथर होत असल्यास मात्र चाके व जॉइंट तपासावेत.

कारणे व उपाय

१) तेल गळती : इंजिनच्या मागील किंवा गिअरबॉक्सच्या पुढील सीलमधून तेल प्लेटवर येते. सील न बदलता टाकलेली नवी प्लेटही खराब होते.

२) फ्लायव्हील : पृष्ठभागावर निळसर डाग किंवा चरे असल्यास लेथवर घासून सपाट करून घ्यावे. फार झिजले असल्यास बदलावे.

३) इंजिन फाउंडेशन : इंजिन बंद ठेवून टॉमीने हलके उचलून पहावे. रबर फाटलेले किंवा सुटलेले असल्यास बदलावे.

४) क्लच वायर : अडकत असल्यास बदलावी. पेडलचा ढिलेपणा गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावा.

५) प्रेशर प्लेट : तिची बोटे वर-खाली झाली असल्यास दाब असमान पडतो. प्लेट, प्रेशर प्लेट व बेअरिंग एकदमच बदलावे.

घ्यावयाची काळजी

पेडलवर पाय ठेवून गाडी चालवू नये. चढावर हाफ क्लचवर गाडी न थांबविता ब्रेक वापरावा. क्षमतेपेक्षा जास्त माल भरू नये. जुन्या प्लेटच्या धुळीत अॅस्बेस्टॉस असू शकते; ती हवेने न उडविता ओल्या फडक्याने पुसावी.

गिअरबॉक्स उतरविण्याची मजुरी प्रत्येक वेळी द्यावी लागते. म्हणून तो एकदा उतरविला की सील व फ्लायव्हील स्वतः उभे राहून तपासून घ्यावे. हे काम हंगामापूर्वीच उरकल्यास ऐन बाजाराच्या दिवशी माल अडकून पडणार नाही.