बेवारस आज्ञावल्यांना वाली कोण?

महाविद्यालयाचे, ग्रंथालयाचे किंवा एखाद्या पतसंस्थेचे संकेतस्थळ आज पुष्कळदा ‘वर्डप्रेस’ या आज्ञावलीवर उभे असते. जगातील चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे तिच्यावरच चालतात. प्रवेशअर्ज, शुल्कभरणा, वेळापत्रक अशा कामांसाठी तिला छोट्या जोड-आज्ञावल्या, म्हणजे प्लगइन, जोडावी लागतात. अशी हजारो प्लगइन मोफत मिळतात. ती लिहिणारा बहुधा एकटाच असतो आणि फावल्या वेळात, हौसेने लिहितो. पुढे नोकरी बदलते, संसार वाढतो, प्लगइन मागे पडते. मूळ आज्ञावली मात्र बदलत राहते. एके दिवशी अर्ज उघडेनासा होतो आणि कचेरीत ‘संगणक बिघडला’ एवढेच ऐकू येते.

वास्तविक वर्डप्रेसचा जन्मच अशा बेवारस आज्ञावलीतून झाला. मिशेल वाल्ड्रिघी यांच्या ‘बी-टू’चे काम थंडावले, तेव्हा ती वापरणाऱ्या मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी २००३ मध्ये तिची प्रत घेऊन काम पुढे चालविले. वापरण्याची, बदलण्याची व पुन्हा वाटण्याची मुभा ‘जीपीएल’ परवान्यानेच दिलेली होती.

मग अडचण कोठे आहे? गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये सामायिक कुरणाची शोकांतिका मांडली: गुरे वाढली की गवत संपते. प्लगइन लाखोंनी वापरले तरी झिजत नाही. झिजतो तो सांभाळणारा. वापरणारे वाढतात तशा तक्रारी वाढतात, हात वाढत नाहीत.

शिवाय आज्ञावलीची प्रत काढता येते, विश्वासाची नाही. ज्याच्या हाती प्लगइनचे मूळ नाव व किल्ली, त्याने केलेला बदल सुधारणा म्हणून थेट सर्व संकेतस्थळांवर पोहोचतो. सुमारे दोन लाख संकेतस्थळांवरील ‘डिस्प्ले विजेट्स’ हे प्लगइन २०१७ मध्ये विकले गेले. नव्या मालकाने त्यात छुप्या जाहिराती घुसविल्या आणि अखेर ते अधिकृत संग्रहातून काढावे लागले. ‘एक्सझेड’ हे प्लगइन नव्हे, पण तेथील प्रकार अधिक गंभीर. थकलेल्या एकट्या सांभाळकर्त्याला दोन वर्षांहून अधिक काळ मदत करून एकाने विश्वास संपादन केला आणि २०२४ मध्ये चोरदरवाजा बसविला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रावरील प्रवेशास अर्धा सेकंद जास्त का लागतो, असा संशय आला, म्हणून तो उघडकीस आला. सुदैवच म्हणावयाचे!

दत्तक घेण्याची सोय आज आहे. वर्डप्रेसच्या संग्रहात ‘मला दत्तक घ्या’ अशी खूण लावता येते. ‘जेन्किन्स’मध्येही तशी योजना आहे. पण एका एकट्याकडून दुसऱ्या एकट्याकडे किल्ली गेल्याने प्रश्न सुटत नाही, पुढे ढकलला जातो. ‘पपेट’ या प्रणालीची मोड्यूल सांभाळणाऱ्या ‘व्हॉक्स प्युप्युली’चा मार्ग अधिक शहाणपणाचा. तेथे जबाबदारी समूहाची असते. एक थकला तर दुसरा काम उचलतो.

अर्थात समूहालाही वेळ लागतो आणि वेळेला किंमत असते. संगणकाच्या वार्षिक देखभालीचा करार संस्था निमूटपणे करतात. ज्या प्लगइनवर प्रवेशप्रक्रिया चालते त्याच्यासाठी मात्र अंदाजपत्रकात रकाना नसतो. संगणकशास्त्राचे विद्यार्थी दरवर्षी नवे प्रकल्प लिहितात आणि परीक्षेनंतर ते कपाटात जातात. त्यांतील काहींनी एखादे जुने प्लगइन दुरुस्त करून चालते ठेवले, तर त्यालाही प्रकल्पाचे गुण द्यावयास विद्यापीठांची हरकत का असावी?