लॅपटॉप सुरू होताच स्क्रीनवर रेषा? दुरुस्तीला नेण्याआधी या चाचण्या करा

लॅपटॉपचे बटण दाबले आणि स्क्रीनवर रंगीत रेषा उमटल्या, चौकोनी ठिपके दिसले किंवा स्क्रीन काही सेकंद लुकलुकून काळी पडली, की बहुतेकांना वाटते 'स्क्रीन गेली!' पण दरवेळी दोष स्क्रीनचाच असतो असे नाही. कधी आतली केबल सैल झालेली असते, तर कधी फक्त ड्रायव्हर बिघडलेला असतो. नेमके कारण न शोधता स्क्रीन बदलली, तर पैसे जातात आणि बिघाड तसाच राहतो.

बिघाड कधी दिसतो?
बटण दाबल्यावर आधी कंपनीचा लोगो येतो. तोवर विंडोज सुरू झालेले नसते. त्यानंतर विंडोज ग्राफिक्स ड्रायव्हर चालू करते. त्यामुळे लोगोवरच रेषा दिसत असतील तर दोष बहुधा हार्डवेअरचा असतो. लोगो स्वच्छ दिसून पासवर्डच्या स्क्रीनच्या सुमारास गडबड होत असेल, तर पहिला संशय ड्रायव्हरवर घ्यावा. हा क्षण मोबाइलवर व्हिडिओ करून ठेवा. दुरुस्ती करणाऱ्यालाही तो उपयोगी पडतो.

घरी करता येतील अशा चाचण्या
१. लॅपटॉप बंद करून चार्जर आणि यूएसबीला जोडलेल्या वस्तू काढा. पॉवर बटण साधारण ३० सेकंद दाबून धरा आणि मग पुन्हा सुरू करा.
२. बायोस उघडा. डेल, एसर, असुसच्या बऱ्याच लॅपटॉपवर त्यासाठी सुरू होताना एफ २, तर एचपीवर एफ १० दाबतात. काहीही न बदलता स्क्रीन पाहा. तिथेही रेषा असतील तर विंडोज पुन्हा टाकून उपयोग नाही.
३. एचडीएमआय केबलने टीव्ही किंवा मॉनिटर जोडा. विंडोज आणि पी ही बटणे दाबून 'डुप्लिकेट' निवडा. टीव्हीवर चित्र स्वच्छ असेल तर दोष लॅपटॉपची स्क्रीन किंवा तिच्या केबलचा आहे. तिथेही तसेच दिसत असेल तर ग्राफिक्स चिप, मेमरी किंवा ड्रायव्हर तपासावा लागेल.
४. स्क्रीन हळूच पुढे-मागे करा. रेषा कमी-जास्त होत असतील तर बिजागरीतून जाणारी केबल सैल किंवा खराब झालेली असू शकते. केबल बदलणे स्क्रीन बदलण्यापेक्षा साधारणतः स्वस्त पडते.

ड्रायव्हरचा दोष असेल तर
विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणे एकदम दाबल्यास ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. तेवढ्याने भागले नाही, तर 'शिफ्ट' दाबून ठेवून 'रीस्टार्ट' करा आणि 'सेफ मोड'मध्ये जा. तिथे स्क्रीन ठीक दिसली तर ड्रायव्हरवरचा संशय पक्का होतो. अपडेटनंतर त्रास सुरू झाला असेल, तर 'डिव्हाइस मॅनेजर'मधून 'रोल बॅक ड्रायव्हर' करा. नवा ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या.

एक खबरदारी : लॅपटॉपवर 'बिटलॉकर' चालू असेल, तर सेफ मोडमध्ये जाताना ४८ अंकी रिकव्हरी की विचारली जाऊ शकते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे का, हे आधीच पाहून ठेवा.

आधी माहिती वाचवा
स्क्रीन बिघडली म्हणजे आतले फोटो आणि कागदपत्रे गेली असे नाही. टीव्हीवर चित्र दिसत असेल, तर ती लगेच पेन ड्राइव्ह किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. दुरुस्तीला देण्याआधी हे केलेले बरे, कारण दुरुस्तीदार अनेकदा 'विंडोज नव्याने टाकतो' म्हणतात आणि त्यात सगळे पुसले जाऊ शकते.

इथे मात्र थांबा
टचपॅड किंवा लॅपटॉपचा तळ फुगलेला दिसला, जळका वास आला, तर चाचण्या करू नका. बॅटरी फुगलेली असू शकते. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि थेट सर्व्हिस सेंटर गाठा. वॉरंटी शिल्लक असेल तर लॅपटॉप घरी उघडू नका. दुरुस्तीला देताना 'आधी केबल तपासा, मग स्क्रीनचे बोला' असे स्पष्ट सांगा आणि बदललेला जुना भाग परत मागा.