शेवाळखाऊ मार्जारमीन

घरी काचपेटीत मासे पाळणारांस एक काळसर, ठिपकेदार मासा चांगल्या परिचयाचा असतो. काचेस तोंड चिकटवून तो तासन् तास तिच्यावरील शेवाळ खरवडीत राहतो. दक्षिण अमेरिकेतील नद्या हे त्याचे मूळ स्थान होय.

ह्या माशाचे तोंड डोक्याच्या खालच्या बाजूस असून त्याचे रुंद ओठ चूषकाचे काम करतात. त्यामुळे वाहत्या पाण्यातही तो दगडास धरून राहतो. बारीक दातांच्या ओळी कंगव्याप्रमाणे शेवाळ खरवडतात. अशा अन्नात पोषण थोडे; म्हणून त्याचे आतडे शरीराच्या मानाने अतिशय लांब व वेटोळ्यांचे असते. अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या पत्र्यांचे चिलखत असते. पाण्यात प्राणवायू कमी पडल्यास तो पृष्ठभागी येऊन हवा गिळतो व तिच्यातील प्राणवायू जठराच्या भित्तीतून शोषून घेतो. नर काठाच्या मातीतील बिळात अंड्यांची राखण करतो.

मायदेशी त्यास तारणारी हीच साधने परक्या पाण्यात उपद्रवी ठरतात. पेटीत मावेनासा झालेला मासा काही लोक दयाबुद्धीने तळ्यात सोडतात. कोलकात्याच्या पूर्वेकडील पाणथळ प्रदेशात व आंध्र प्रदेशात तो आज पसरला आहे. त्याच्या काट्यांनी मच्छीमारांची जाळी फाटतात, बिळांनी तळ्यांचे बांध खचतात, आणि देशी माशांच्या वाट्याचे अन्न तो खातो. चिलखतामुळे शिकारी मासेही त्याच्या वाटेस सहसा जात नाहीत. म्हणून नकोसा झालेला मासा विक्रेत्यास परत द्यावा किंवा दुसऱ्या पाळणाऱ्यास सोपवावा. नदीत वा तळ्यात मात्र कधीही सोडू नये.