पाते, पाणी आणि धार

बकरी ईद आठ-दहा दिवसांवर आली की वस्तीतल्या धारवाल्याच्या दारात गर्दी होते. कुणी सुरा आणतो, कुणी सत्तूर, तर कुणी आजोबांच्या वेळची, कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवलेली सुरी. विजेचा दगड गरगर फिरतो, ठिणग्यांचा फवारा उडतो, दोन मिनिटांत काम उरकते आणि गिऱ्हाईक पैसे देऊन चालू लागते. धार हाताला झणझणीत वाटते. पण एक-दोन बोकड होत नाहीत तोच सुरा पुन्हा बोथट होतो. गिऱ्हाईक म्हणते, ‘‘लोखंडच हलके निघाले.’’

पुष्कळदा लोखंड हलके नसते. ते चांगले पोलाद असते, पण त्याचे पाणी त्या दोन मिनिटांत उतरलेले असते. सुरी जमवणे आणि तिला धार लावणे हा वरवर किरकोळ वाटणारा विषय आहे. परंतु खाटीक, सुतार, मोची, नाभिक, केटरर्स अशा कितीतरी बंधूंची रोजी पात्याच्या काठावर अवलंबून असते. म्हणून या हुनराची थोडी उजळणी करू या.

धार ही जबाबदारी आहे

सहीह मुस्लिममध्ये हजरत शद्दाद बिन औस (रजि.) यांनी सांगितलेली एक प्रसिद्ध हदीस आहे. तिचा आशय असा की, अल्लाहने प्रत्येक कामात उत्तम रीत ठरवून दिली आहे. जनावर जबह करायचे तर तेही उत्तम रीतीने करावे, सुरीला चांगली धार लावावी आणि जनावराला त्रासातून वाचवावे. जनावराच्या डोळ्यांदेखत सुरी पाजळू नये, अशीही शिकवण आहे. याचा साधा अर्थ असा की, धारेचे काम आधी, निवांतपणे आणि नीट झाले पाहिजे. ईदच्या सकाळी घाईघाईने सळईवर घासलेली सुरी म्हणजे आपल्या हलगर्जीपणाची शिक्षा मुक्या जिवाला देणे होय.

शिकलगारांचा वारसा

सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत शिकलगार आडनावाची अनेक मुस्लिम घराणी आहेत. हा शब्द ‘सैकलगर’ या शब्दावरून आला. सैकल म्हणजे घासून चकाकी आणणे आणि गर म्हणजे ते करणारा. तलवारी, कट्यारी उजळणारे हे कारागीर होते. हत्यारांचा जमाना गेला आणि त्यांच्यातले बरेचजण कात्र्या, विळ्या, अडकित्ते यांना धार लावू लागले.

ज्या पोलादावर हे हात तयार झाले, ते पोलाद दख्खनचेच. आजच्या तेलंगणातील कोनासमुद्रम् हे गाव अशा पोलादासाठी प्रसिद्ध होते आणि इराणचे व्यापारी ते खरेदी करण्यासाठी तेथपर्यंत येत. अरबीत हिंदी पोलादाच्या तलवारीला ‘मुहन्नद’ असा खास शब्द आहे. नवव्या शतकात अल्-किंदी या विद्वानाने तलवारींच्या प्रकारांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पोलादाची पारख ही त्या काळी विद्येची बाब होती, हे यावरून दिसते.

पाणी म्हणजे काय?

आपण ‘पाणीदार पाते’ म्हणतो, पण हे पाणी म्हणजे नेमके काय, हे फार थोड्यांना सांगता येते. लोखंडात कार्बनचा अंश असेल तर ते पोलाद होते. ट्रक-मोटारीच्या कमानपाट्यात तो शेकडा अर्धा ते पाऊण असतो. त्यामुळे कमानपाट्याची सुरी चांगली बनते. जुन्या कानशीत तो एक टक्क्याच्या आसपास असतो. अशा पोलादाला लालबुंद तापवले की एका क्षणी लोहचुंबक त्याला चिकटेनासे होते. त्याच सुमारास ते एकदम पाण्यात किंवा तेलात बुडवले की ते काचेसारखे कठीण आणि ठिसूळ होते. यालाच पाणी देणे म्हणतात. मग ठिसूळपणा घालवण्यासाठी ते पुन्हा हलके तापवतात. साधारण २२० ते २३० अंश सेल्सिअसला घासून साफ केलेल्या पोलादावर गवती पिवळा रंग येतो, २५५ अंशांच्या आसपास तपकिरी आणि ३०० अंशांच्या आसपास निळा. सुरीला पिवळ्या ते तपकिरी रंगापर्यंतची आच मानवते. निळा रंग स्प्रिंगला ठीक, सुरीला नव्हे.

आता विजेच्या कोरड्या दगडाकडे पाहू. पात्याचा काठ कागदाइतका पातळ असतो आणि तो क्षणात तापतो. धारवाला दाब देत राहिला की काठावर निळी झाक येते. ती दिसली की समजावे, तेवढ्या भागाचे पाणी उतरले. तो भाग आता मऊ आहे. तो पूर्ण घासून काढल्याशिवाय धार टिकणार नाही.

नुकसान एवढेच नाही. समजा, अशा दगडावर दर खेपेला अर्धा मिलिमीटर लोखंड गेले आणि सुरी महिन्याला एकदा धारेला लागली, तर वर्षात सहा मिलिमीटर पाते संपले. चार सेंटीमीटर रुंदीची सुरी तीन वर्षांत जवळजवळ निम्मी होते. तेच काम हाताच्या दगडावर केले तर त्याचा अगदी थोडा अंशच झिजतो.

धार लावण्याची रीत

पूर्वीची साण कुरुंदाची पूड आणि लाख एकत्र करून बनवीत. आता १८९१ साली शोध लागलेल्या कार्बोरंडमचे दगड सर्वत्र मिळतात. एक बाजू भरड, दुसरी बारीक असा दगड घरालाही पुरतो आणि दुकानालाही. पुढील गोष्टी सांभाळाव्यात.

१. दगड ओल्या फडक्यावर घट्ट बसवावा. त्यावर पाणी वापरायचे की तेल, हे एकदाच ठरवावे. तेल प्यालेला दगड नंतर पाणी घेत नाही.

२. कोन हाच धारेचा प्राण आहे. तो मोजण्याची सोपी युक्ती अशी : पात्याच्या रुंदीच्या एक-तृतीयांश इतका कणा दगडापासून वर उचलावा. यात जवळजवळ २० अंशांचा कोन मिळतो. मांस कापण्याच्या व स्वयंपाकाच्या सुरीला तो योग्य होय. हाडे तोडणाऱ्या सत्तुराचा कणा रुंदीच्या निम्मा उचलावा, म्हणजे ३० अंश होतात. सत्तुराला सुरीची धार दिली तर पहिल्याच हाडाला ती तुटते.

३. एकाच बाजूने, कोन न बदलता, मुठीपासून टोकापर्यंत घासत राहावे. काही वेळाने दुसऱ्या बाजूला लोखंडाची अत्यंत बारीक लव उलटलेली जाणवते. अंगठा कण्याकडून काठाबाहेर हलकेच सरकवून ती तपासावी. काठावरून लांबीच्या दिशेने बोट कधीही फिरवू नये. संपूर्ण लांबीभर लव आली तरच ती बाजू झाली, असे समजावे. बहुतेक लोक येथेच घाई करतात आणि धार अर्धवट राहते.

४. मग दुसरी बाजू. त्यानंतर दगडाच्या बारीक अंगावर दाब कमी करत दोन्ही बाजूंनी आळीपाळीने घासावे, म्हणजे लव गळून पडते.

५. शेवटी फळीवर चिकटवलेल्या जुन्या चामडी पट्ट्यावर पाते कण्याकडून ओढावे. काठ पुढे करून ढकलला तर चामडे कापले जाईल.

६. पारख करण्यासाठी पाते दिव्याखाली काठ वर करून धरावे. बोथट काठावर पांढरी चमकती रेघ दिसते. खरी धार उजेडात दिसतच नाही.

खाटीक बंधू जी पोलादी सळई वापरतात, ती मुख्यतः वळलेला काठ सरळ करते. दिवसभराच्या कामात तिचा उपयोग मोठा आहे, पण दगडाची जागा ती घेऊ शकत नाही.

या कामात एक निराळेच समाधान आहे. सुरुवातीला दगडावर खरखर आवाज येतो, मग तो मऊ होत जातो आणि शेवटी कुजबुजीइतका उरतो. हाताला कोन सापडला की डोळ्यांची गरज राहत नाही. सायंकाळी दुकान आवरून दहा मिनिटे दगडापाशी बसणाऱ्या माणसाला विचारा. दिवसाचा शीण तेथे उतरतो, असेच तो सांगेल.

जुनी पाती जमवताना

मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार किंवा आपल्या गावातील भंगाराचे दुकान, कोठेही गंजलेल्या सुऱ्या, वस्तरे, रापी, पटाशा, अडकित्ते वजनावर पडलेले असतात. त्यांत शेफील्डचा किंवा झोलिंगेनचा शिक्का असलेले पातेही कधी हाती लागते. पण केवळ शिक्क्यावर भाळू नये. कण्याच्या रेषेत एक डोळा लावून पाते सरळ आहे का ते पाहावे. नखाने टिचकी मारावी. स्वच्छ नाद आला तर ठीक, आवाज फुटका आला तर चीर असण्याचा संभव असतो. गंजाचे खड्डे काठापर्यंत पोचले असतील किंवा काठावर निळा डाग असेल तर ते पाते सोडून द्यावे. मूठ हलत असेल तर हरकत नाही, मूठ बदलता येते.

वरवरचा गंज चिंचेच्या कोळाने आणि राखेने निघतो. नंतर पाते धुऊन लगेच कोरडे करावे. वापराने पोलादावर येणारी करडी-काळसर झाक हा गंज नव्हे. ती पात्याला गंजापासून काही प्रमाणात जपते. चकाकीच्या मोहाने ती खरवडू नये. खाण्याच्या वस्तूंसाठी वापरायच्या पात्याला मशीनचे तेल लावू नये, खाण्याच्या तेलाचा पुसट हात पुरे.

आजोबांचा सुरा, आजीची विळी, वडिलांची रापी अशी चार पाती घरात चालू स्थितीत असली तरी तो मोठा संग्रह होय. शोकेसमध्ये टांगलेली सुरी मुकी असते, वापरातली सुरी घराण्याची आठवण रोज जागी ठेवते.

धंदा म्हणून पाहिले तर

धारेच्या कामाला भांडवल थोडे लागते. ज्या कारागिराला पाणी न उतरवता धार देता येते, त्याला खाटीकखाना, हॉटेल, केटरर्स आणि शिंपी यांची बारमाही गिऱ्हाइकी बांधता येते. त्यासाठी ईदची वाट पाहण्याचे कारण नाही. मशीन अजिबात वापरू नये असे आमचे म्हणणे नाही. पात्याला दाते पडले असतील तर मशीन हवेच. मात्र शेजारी पाण्याचे भांडे ठेवावे, प्रत्येक फेरीनंतर पाते बुडवावे, आणि उघड्या बोटांना चटका बसू लागला की थांबावे. अखेरची धार हाताच्या दगडावरच द्यावी. गिऱ्हाइकाकडून दोन मिनिटांऐवजी दहा मिनिटांचे दाम घ्यावे आणि ते का घेतो, हे त्याला समजावून सांगावे. चष्मा आणि नाकावर मास्क आवश्यक आहे. वालुकाश्माच्या दगडाची कोरडी धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली तर सिलिकोसिस हा बरा न होणारा रोग जडतो.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या केंद्राच्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत लोहार आणि अस्त्रकार यांचा समावेश आहे. तीत प्रशिक्षण आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे. आपले काम त्यात बसते का, याची चौकशी जवळच्या कॉमन सर्व्हिस सेंटरमध्ये करावी. योजनेतील कर्ज मात्र ५ टक्के व्याजाचे आहे, हे ध्यानात घेऊनच निर्णय करावा.

कायद्याचे भान

छंद असो वा धंदा, कायदा माहीत हवा. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांत मोडतात. घरगुती, शेतीच्या आणि उद्योगाच्या कामासाठी बनवलेल्या पात्यांना त्यातून वगळले आहे. शिवाय सणासुदीच्या दिवसांत १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जमावबंदी व शस्त्रबंदीचे आदेश निघतात. अशा वेळी धारेला नेलेला सुराही गैरसमजाचे कारण ठरू शकतो. म्हणून सुऱ्या कापडात बांधून पेटीत न्याव्यात, मुलांच्या हाती देऊ नयेत आणि धारवाल्याची पावती जवळ ठेवावी. धारवाल्यांनीही पावतीपुस्तक ठेवण्याची सवय लावून घ्यावी. दोन रुपयांच्या कागदाने एखाद्या तरुणाचा पोलीस ठाण्यातील एक दिवस वाचू शकतो.

कुरआनात हजरत दाऊद (अलै.) यांच्यासाठी अल्लाहने लोखंड मऊ केल्याचा उल्लेख आहे. पैगंबरांच्या हाताला लागलेले हे काम हलके कसे असेल? शिकलगाराच्या मुलाला आज या धंद्याची लाज वाटते, कारण त्याने फक्त ठिणग्या पाहिल्या आहेत. त्याला एकदा दगडापाशी बसवा, लव कशी येते आणि कशी गळते ते त्याच्या अंगठ्याला कळू द्या. येत्या ईदच्या आधी प्रत्येक घराने एक सुरी तरी अशी हाताने पाजळावी. जनावराला त्रास कमी होईल, पाते पुढच्या पिढीला पुरेल आणि एका हुनराला गिऱ्हाईक मिळेल.