अंड्याला तडा गेल्यानंतरचे चोवीस तास

कोंबडी अंड्यांवर बसवली की 21व्या दिवशी पिल्लं निघतात, हे कोंबड्या पाळणाऱ्या घरात लहान पोरांनाही पाठ असतं. पण या 21 दिवसांतला सगळ्यांत नाजूक काळ शेवटचा दीड-दोन दिवसांचा असतो.

तोवर पिल्लू चोचीने श्वास घेत नसतं. कवचाला आतून रक्तवाहिन्यांची जाळी चिकटलेली असते आणि कवचाच्या हजारो सूक्ष्म छिद्रांतून येणारी हवा तीच शोषून घेते. पिल्लू वाढलं की ही हवा पुरेनाशी होते, आत कार्बन डायऑक्साइड साचतो आणि मानेमागचा एक फुगलेला स्नायू झटके देऊ लागतो. चोच आधी अंड्याच्या रुंद टोकाकडच्या हवेच्या पोकळीत घुसते. फुप्फुसांत पहिल्यांदा हवा भरते. अंडं कानाशी धरलं तर बारीक चिवचिव ऐकू येते! मग चोचीच्या शेंड्यावरचा पांढरा, टणक कण कवचावर आपटत राहतो आणि बाहेर चांदणीसारखा तडा उमटतो.

आणि पिल्लू थांबतं. 12 तास, कधी 24 तास. बघणाऱ्याचा धीर सुटतो तो इथेच. पिल्लू अडकलं, दमलं, आता मरणार, असं वाटून हात कवचाकडे जातो. प्रत्यक्षात आत मोठं काम चाललेलं असतं. जाळीतलं रक्त हळूहळू पिल्लाच्या अंगात परत जातं आणि उरलेला बलक बेंबीवाटे पोटात ओढला जातो. अशा वेळी कवच सोललं तर भरलेल्या रक्तवाहिन्या फाटतात, बलकाची पिशवी बाहेरच राहते आणि मदत करणाऱ्याच्या हातातच पिल्लू जातं.

मग हात लावायचा तरी कधी? तड्यानंतर 24 तास उलटून गेले आणि काहीच पुढे सरकलं नाही तर. किंवा पिल्लाने कवच गोल कापायला सुरुवात केली आणि कित्येक तास तिथेच अडकून पडलं तर. तड्यातून दिसणारं पातळ आवरण पांढरं, ओलसर असेल तर थांबावं. ते पिवळट पडून कागदासारखं कोरडं झालं असेल, तर ते पिल्लाच्या अंगाला चिकटून त्याला हलूच देत नाही. अशा वेळी कोमट पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा त्यावर हलकेच टेकवावा. आवरण ओलं झालं की पारदर्शक होतं आणि खाली भरलेल्या रक्तवाहिन्या असतील तर त्यांच्या लाल रेघा स्पष्ट दिसतात. रेघा दिसल्या, की अंडं परत उबेत. त्या नसतील तर रुंद टोकाकडचे कवचाचे टवके एकेक करून काढावेत. रक्ताचा एक थेंब दिसला तरी हात मागे घ्यावा. पिल्लाला ओढून काढू नये. शेवटचा जोर त्यालाच लावू द्यावा.

उबवणी यंत्रात आवरण वाळण्याचं एक मोठं कारण आपणच असतो. शेवटचे तीन दिवस आत 65 ते 70 टक्के आर्द्रता लागते आणि काळजीपोटी दर तासाला झाकण उघडणारा माणूस तीच घालवून बसतो. खुडूक कोंबडी या दिवसांत अंड्यांवरून फारशी उठत नाही.

बाहेर आलेलं पिल्लू ओलं, थकलेलं, मान टाकून पडलेलं दिसतं. त्याला लगेच दाणापाणी लागत नाही. पोटात ओढलेला बलक दोन-तीन दिवस पुरतो. एका दिवसाची पिल्लं खोक्यांत घालून लांबच्या गावी पाठवता येतात ती त्याच शिदोरीवर. चोचीवरचा तो पांढरा कण मात्र काही दिवसांतच गळून पडतो.