पावसाळा नसलेले वर्ष

“आजोबा, फौज नदीपलीकडे न्यायला किती दिवस लागतील हो?”

गेल्या मे महिन्यात नातवाने हा प्रश्न विचारला आणि मी वर्तमानपत्र बाजूला ठेवले. छत्तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला, पण इतका नेमका प्रश्न एकाही विद्यार्थ्याने मला विचारला नव्हता. मी चष्मा पुसून उत्साहाने उठलो, तो चिरंजीव संगणकासमोर बसलेले! पडद्यावर हिंदुस्थानचा नकाशा, त्यावर भगव्या निशाणाची फौज, आणि आमचे बारा वर्षांचे सेनापती एका हाताने चिवडा खात मोगलांशी लढत होते.

वाचकहो, मी या खेळांचा वैरी होतो. डोळे बिघडतात, अभ्यास बुडतो, ही सगळी भाषणे माझी पाठ होती. पण नकाशा दिसला की भूगोलाच्या मास्तराचा पाय निघत नाही. मी खुर्ची ओढून बसलो, आणि खरे सांगायचे तर त्या दिवशी संध्याकाळचे फिरणे चुकले.

खेळाचे नाव ‘एम्पायर : टोटल वॉर’. तो २००९ साली निघाला. सन १७०० पासून अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंतचे राजकारण त्यात चालवायचे असते आणि खेळणाऱ्याला मराठ्यांची बाजूही घेता येते. विलायती कारागिरांनी आपली आठवण ठेवली याचे मला कौतुक वाटले. पण वर्षाचा हिशेब पाहिला आणि मी चमकलो. एका वर्षात चाली दोनच, एक उन्हाळ्याची आणि एक हिवाळ्याची.

“आणि पावसाळा?” मी विचारले.

“तो नसतो यात.”

पावसाळ्यावाचून मराठ्यांचा इतिहास! मीठ घालायचे विसरून केलेली आमटीसुद्धा एवढी अळणी लागत नाही. आपल्याकडे दसऱ्याला सीमोल्लंघन का, मृग लागण्याआधी फौजा छावणीला का परतत, याचे उत्तर इतिहासाच्या पुस्तकात नाही, आभाळात आहे. चार महिने नद्या दुथडी, वाटा चिखलात, दाणावैरण मिळायची मारामार. मोहिमेचे वर्ष मुळात आठ महिन्यांचेच!

मी त्याला खिडकीशी नेले. आमचे बिऱ्हाड चेण्याला, ठाण्याहून घोडबंदरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. मागे राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, पुढे उल्हास नदीची खाडी. याच खाडीला पुढे वसईची खाडी म्हणतात. खाडीच्या मुखावर उत्तरेला वसईचा किल्ला आणि अलीकडे भाईंदरच्या बाजूला धारावीचा डोंगर. ही मुंबईच्या झोपडपट्टीची धारावी नव्हे, चौक गावाजवळची. आम्ही राहतो ती जमीन म्हणजे साष्टी बेटाची उत्तरेकडची कड. खिडकीतून दिसते ते सगळे एका मोहिमेचे रणांगण आहे, हे त्या पोराला कोणी सांगितलेच नव्हते. त्या कोणीमध्ये मीही आलोच.

१७३७ च्या मार्चअखेर मराठ्यांनी रात्रीच्या अंधारात खाडी ओलांडून ठाणे घेतले. त्याच वर्षी घोडबंदरही हाती आले. साष्टी गेली, पण वसई मात्र हटेना. तिला बहुतेक बाजूंनी पाणी आणि दलदल, जमिनीची वाट काय ती उत्तरेकडून. पहिला हल्ला फसला, पावसाळा आला, गेला, पुन्हा आला. १७३९ च्या आरंभी चिमाजी अप्पांनी उत्तरेकडची ठाणी एकामागून एक घेतली. माहीम, केळवे, तारापूर. तारापूरला बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. पुढे धारावीही मराठ्यांकडे आली आणि खाडीच्या तोंडावर त्यांची नजर बसली.

मग मोर्चे लागले, चर खणले गेले, तटाखाली सुरुंग पोचवले गेले. आता तारखा पाहा. मे महिन्याच्या १३ तारखेला सुरुंग उडाले. काही वेळेवर उडाले नाहीत. खिंडार पडले म्हणून मावळे धावले आणि मागाहून उडालेल्या सुरुंगाने आपलीच माणसे गेली. तरी हल्ले थांबले नाहीत. १६ मे रोजी पोर्तुगीजांनी शरणागतीचा करार केला आणि २३ तारखेला ते बायकामुलांसह, मानाने किल्ल्याबाहेर पडले.

आपल्या भागात पाऊस उतरतो जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. म्हणजे हाताशी उरले होते तीन-चार आठवडे! तेवढ्यात काम झाले नसते तर चर पाण्याने भरले असते, सुरुंगाची दारू सादळली असती, आणि वेढा उठवून पुन्हा दसऱ्याची वाट पाहावी लागली असती. तिकडे त्याच वसंतात नादिरशहा दिल्लीत ठाण मांडून बसला होता. बाजीरावांना उत्तरेकडे फौज हवी होती. चिमाजी अप्पांचे खरे वैरी दोन होते, एक तटाच्या आत आणि दुसरा अरबी समुद्रावर जमत असलेला. नातू हे ऐकताना चिवडा खायचा विसरला, याची मी नोंद घेतली.

“पण खाडीत पाणी कमी असेल तेव्हा चालतच जायचं ना!” तो म्हणाला.

शाबास! पण कमी केव्हा? आमच्या किनाऱ्याला उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत चार मीटरांहून अधिक फरक पडतो. सकाळी होड्या चालतात तिथे दुपारी गुडघाभर चिखल, आणि तो चिखल तोफेचे चाक सोडत नाही. खेळात नदी म्हणजे एक निळी रेघ. इथे ती दिवसातून दोनदा आपले रूप बदलते.

नद्यांनी आपल्याला फसवलेही आहे. १७६० च्या पावसाळ्यानंतर यमुना भरून वाहत होती. भाऊसाहेब कुंजपुऱ्यात आणि अब्दाली पलीकडच्या तीरावर. नदी उतरायची नाही असा भरवसा होता. ऑक्टोबरच्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ पार झाला आणि दिल्लीची वाट तुटली. पुढचे पानिपत सर्वांना ठाऊक आहे.

खेळ करणारे सगळेच पावसाला विसरले आहेत असे मात्र नाही. ‘युरोपा युनिव्हर्सालिस’च्या चौथ्या आवृत्तीत मोसमी पावसाची सोय आहे. त्या महिन्यांत परमुलखात फौज ठेवली की माणसे झिजतात. स्टॉकहोममध्ये बसून कोणी आपल्या पावसाची एवढी दखल घ्यावी, हे विशेषच. आणि ‘सिव्हिलायझेशन’च्या सहाव्या खेळाला २०१९ साली जी पुरवणी निघाली, तीत तर पूर, वादळे, अवर्षण, ज्वालामुखी सगळे आहे. कोळसा जाळत राहिले की समुद्र चढतो आणि किनाऱ्याची सखल घरे बुडतात. पुराने शेते वाहून जातात, पण पुढे गाळामुळे जमीन अधिक पिकते. नाईलचा धडा त्यांनी बरोबर गिरवला आहे.

हे नातवाला पाठ होते. म्हणून त्याने दुसरा प्रश्न टाकला. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर, ओट्याच्या जरा वर, एक फिकट निळी खूण आहे. २००५ च्या २६ जुलैची. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मी शाळेतून निघालो तो कमरेभर पाण्यातून चालत दुसऱ्या दिवशी पहाटे घरी पोचलो. डोंगरावरून ओढ्याचे पाणी खाली आले होते आणि समोरून खाडी भरतीने फुगलेली, त्यामुळे त्याला जायला वाटच नव्हती. याच्या आजीने याच्या बापाला माळ्यावर बसवून रात्र काढली होती. पाणी उतरल्यावर तिने निळ्या खडूने ती रेघ ओढली आणि पुढे रंगारी आला तेव्हा तेवढी पुसू दिली नाही. आज ती नाही, रेघ आहे.

“मग आजोबा, त्या पाण्यानंतर आपल्याकडची जमीन सुपीक झाली का?”

मला एकदम उत्तर सुचेना. शेजारच्या खाचरात नुकतीच भाताची लावणी झाली होती. रोपे गेली. खाडीचे पाणी शिरले तिथे जमीन खारी झाली आणि पुढच्या वर्षीही पीक धड आले नाही. घरातले धान्य, पुस्तके, माझे हाताने काढलेले नकाशे, सगळ्याचा लगदा झाला होता. हे मी त्याला सांगितले. आजीने रात्रभर काय केले तेही, जेवढे मला तिच्याकडून कळले होते तेवढे. तो उठून रेघेपाशी गेला आणि आपल्या खांद्याशी ती कुठे लागते ते पाहून आला.

दुसऱ्या दिवशी त्याने नवा डाव मांडला. नियम स्वतःचाच. उन्हाळ्याच्या चालीत फौज जागची हलवायची नाही, कारण जून त्यातच येतो. मी म्हटले, उत्तम! चार दिवस काही ऐकू आले नाही. पाचव्या दिवशी खोलीतून आरोळी आली.

“आजोबा! मोगल उन्हाळ्यातही चालून आले! त्यांना तुमचा पावसाळा ठाऊकच नाही!”

१७१२ साल उजाडायच्या आत त्याची राजधानी गेली होती. त्याने दोष माझ्यावर टाकला, आणि जेवायला बसेपर्यंत माझ्याशी बोलला नाही.